यंत्रांची सामाईक भाषा

फ्रान्समधील ग्रेनोबल शहरीं, आल्प्स पर्वताच्या कुशींत, युरोपांतील अनेक राष्ट्रांनीं मिळून उभारलेली एक प्रयोगशाळा आहे. तेथें ८४४ मीटर परिघाच्या वर्तुळाकार नळींतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फिरवितात, आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांनीं पदार्थांची अंतर्रचना तपासतात. १९९४ सालीं ती संशोधकांस खुली झाली. या नळीभोंवतीं शेंकडों चुंबक, निर्वात-पंप, वीज पुरविणारीं यंत्रें आणि मापकें बसविलेलीं असतात. एखादें जरी चुकलें तरी साऱ्यांच्या कार्यास बाध येतो. म्हणून हीं सर्व एका जाळ्यानें नियंत्रण-कक्षाशीं जोडावीं लागतात.

परंतु हीं यंत्रें नाना कारखान्यांतून आलेलीं, आणि प्रत्येकाची बोली निराळी. पूर्वीं बहुतेक प्रयोगशाळा आपल्यापुरती संगणकाची आज्ञावली स्वतःच रचीत. रचणारा जवळ असे तोंपर्यंत सर्व सुरळीत. तो निघून गेला म्हणजे त्याच्या मनांतील संकेत उलगडतांना मागच्यांच्या नाकीं नऊ येत. शेजारच्या देशांत तेंच काम पुन्हां आरंभापासून चाले, आणि त्याच चुकाही पुन्हां होत.

ग्रेनोबलच्या मंडळींनीं प्रथम टॅको नांवाचें नियंत्रण-सॉफ्टवेअर केलें, व विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा वारस म्हणून टँगो रचावयास घेतलें. त्यांतील मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येक यंत्रापुढें एक दुभाष्या बसवावयाचा. त्यास यंत्राची बोली कळते. बाहेरच्यांशीं मात्र तो एकाच ठराविक भाषेंत बोलतो. हा दुभाष्या म्हणजे एक लहानशी आज्ञावली होय. आपल्याकडील व्यक्तींप्रमाणें येथें यंत्रासही तीन पदांचें नांव असतें: पहिलें विभागाचें, दुसरें यंत्राच्या जातीचें, तिसरें त्याचें स्वतःचें. हीं नांवें एका मध्यवर्ती नोंदवहींत असतात. नांव सांगितलें कीं यंत्राचा ठावठिकाणा लागतो. जुना पंप जाऊन नवा आला, तर त्याचा दुभाष्या तेवढा बदलावा. नियंत्रण-कक्षांतील मांडणीस हात लावण्याचें कारण नाहीं.

२००२ सालीं पॅरिसजवळील सोलेय प्रयोगशाळेनें हीच रीत पत्करली. मागोमाग इटलींतील ट्रिएस्टची एलेट्रा आणि बार्सिलोनाजवळची आल्बा याही आल्या. खरा लाभ येथून सुरू झाला. नियंत्रणाचे पडदे सहज मांडतां यावे म्हणून आल्बानें टॉरस हें साधन दिलें. मोजमापांच्या नोंदी जतन करणारी नवी आज्ञावली ग्रेनोबल व ट्रिएस्ट यांनीं मिळून केली. सामाईक विहिरींतला गाळ एकानें काढला, तरी स्वच्छ पाणी सर्वांच्या घागरींत येतें, तसेंच हें झालें.

सामाईकपणास किंमत नाहीं काय, असा प्रश्न श्रोत्यांस पडेल. किंमत आहेच. हातवळणी पडलेली घरची रीत सोडावी लागते. पायांतच दोष राहिला तर तो सर्वांच्या घरीं उपद्रव देतो, आणि तो पाया बदलावयाचा म्हटलें तर सर्वांची संमति लागते. परंतु घरच्या आज्ञावलींतील दोष एकट्यानेंच हुडकावा लागतो. सामाईक आज्ञावलींतील दोषावर अनेकांचे डोळे असतात.

या रीतीची खरी परीक्षा ग्रेनोबल येथेंच झाली. डिसेंबर २०१८ मध्यें तेथील वलय बंद करण्यांत आलें; पुढें तें उकलून त्याच बोगद्यांत नवें बसविण्यांत आलें. नवें वलय चालू होण्यापूर्वींच त्याची प्रतिकृति टँगोच्याच भाषेंत संगणकावर रचली होती, व नियंत्रणाच्या आज्ञावल्या तिच्यावर पारखून घेतल्या होत्या. ऑगस्ट २०२० मध्यें प्रयोगशाळा पुन्हां संशोधकांस खुली झाली. यंत्र बदललें, भाषा टिकली.

ही भाषा कांहीं क्ष-किरणांपुरतीच नव्हे. दूरदूर पसरलेल्या तबकड्या एकाच ताऱ्याकडे वळवावयाच्या, तर तेथेंही हीच अडचण असते. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीस ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिची सुधारणा करतांना नवी नियंत्रण-व्यवस्था टँगोच्याच आधारानें रचण्यांत आली. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथील स्क्वेअर किलोमीटर ॲरे या प्रचंड दुर्बिणीसाठीं २०१५ सालीं टँगोचीच निवड झाली, आणि तिच्या नियंत्रण-व्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या राष्ट्रसंघाचें नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे होतें.

एका शहरानें आपल्या गरजेपोटीं रचलेली भाषा अशी अनेक देशांची झाली. ती तिच्या निर्मात्यांनीं कुलुपांत ठेविली असती, तर ग्रेनोबलचें काम कदाचित् अडलें नसतें. पण इतरांच्या श्रमाचें जें व्याज त्यांस मिळालें, तें मात्र मिळालें नसतें.