मिस-सी (मुलांमधील कोविडोत्तर बहुअवयवी दाह)

कोविड-१९ होऊन गेल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी मुलांना व किशोरवयीनांना होणारा गंभीर आजार. मूळ संसर्ग अनेकदा इतका सौम्य असतो की घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. विषाणूचा जोर ओसरल्यावर शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच अनावर होते आणि हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, त्वचा अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी दाह सुरू होतो.

एप्रिल २०२० मध्ये लंडनच्या डॉक्टरांना अशी मुले आढळली. त्यांतील आठ जणांची माहिती मे महिन्यात ‘द लॅन्सेट’मध्ये आली. सुरुवातीला हा कावासाकी आजारच वाटला. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये जपानमध्ये वर्णिलेला तो आजार मुख्यतः ५ वर्षांखालील मुलांना होतो. मिस-सीचे रुग्ण बहुधा शाळकरी वयाचे असतात आणि त्यांच्या हृदयाचे स्नायू अधिक वेळा दुबळे पडतात.

न उतरणारा ताप, अंगावर पुरळ, लाल पण चिपडे नसलेले डोळे, उलट्या, जुलाब ही लक्षणे. पोटदुखी कधी इतकी तीव्र असते की अपेंडिक्सची शंका येते. महाराष्ट्रात २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर रुग्ण आढळले, तेव्हा पावसाळा, म्हणजे डेंग्यूचा हंगाम, तोंडावर होता. ताप, पुरळ आणि घटलेल्या प्लेटलेट डेंग्यूतही दिसतात. म्हणून दोन्ही शक्यता पडताळाव्या लागतात. आरटी-पीसीआर बहुधा निगेटिव्ह येते, प्रतिपिंडे मात्र सापडतात. पुढे बहुतेक मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळू लागल्याने त्या चाचणीचे वजन कमी झाले. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, ट्रोपोनिन या रक्ततपासण्या व टू-डी इको ही हृदयाची तपासणी यांची मदत होते. पण गेल्या दीड महिन्यात घरात कुणाला सर्दी-ताप होता का, हा साधा प्रश्न कधीही वगळू नये.

उपचारात शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन (वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम) व स्टेरॉइड देतात. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम लागते, आणि हे औषध महाग आहे. ते दिल्यास गोवर व कांजिण्यांच्या लसी ११ महिने पुढे ढकलतात. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक मुलांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते.

कोविड विषाणूच्या ओमायक्रॉन या प्रकारानंतर मिस-सीचे प्रमाण बरेच घटले, तरी आजार संपलेला नाही. ताप तीन दिवस टिकला तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. तापासोबत मूल मलूल झाले, हातपाय गार पडले किंवा लघवी कमी झाली, तर मुलांच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.