पेन्सिलीची नोंद, शाईची नोंद

दिवाळीत घरी दोन प्रकारची माणसे आढळतात : फराळाच्या डब्याभोवती घुटमळणारी आणि कागदांची पेटी उघडून बसणारी. गेल्या भाऊबीजेला परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर तिसराही प्रकार होता. पुण्याहून आलेला पुतण्या मांडीवर लॅपटॉप घेऊन काही लिहीत होता. शेजारी आबा, म्हणजे आमचे वडील, चष्मा पुसून सातबाराचा उतारा वाचत होते. पुतण्याच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. मी अर्थ विचारला.

"काका, नोंदवायचे काही शिल्लक नाही, असे म्हणतो आहे."

आबांनी मान वर केली. "अरे, मग तेच इथे लिहिले आहे की!" त्यांचे बोट उताऱ्यावरच्या एका ओळीवर होते : प्रलंबित फेरफार, नाही.

यंत्राचे ते वाक्य आणि महसूल दप्तरातले हे वाक्य सख्खी भावंडेच म्हणायची. दोघांचाही इतिहास सांगण्याजोगा आहे.

जमिनीची नोंद ठेवायची म्हणजे आजच्या मालकाचे नाव लिहून भागत नाही. कालचे नाव का गेले, हेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. खरेदी, वारसा, गहाण, जे काही घडेल ते तेथे क्रमांकाने लिहायचे. हाती लिहिण्याच्या काळात सातबारावर आधी पेन्सिलीने कच्ची नोंद होई. चावडीवर नोटीस लागे, हरकतीसाठी पंधरा दिवस जात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करीत आणि मग पेन्सिलीच्या जागी शाई येई. जुने नाव पुसायचे नाही. त्याला कंस करायचा. केवढी शहाणी पद्धत!

आमच्या भागात या कागदांनी राज्ये पाहिली. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या मुलखात होती आणि दरबारी कारभार उर्दूत चाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा पुढल्या वर्षी लागू झाला. जुन्या पेटीत खासरा पत्रक, पहाणी पत्रक आणि सातबारा एकाच फडक्यात बांधलेले सापडतात. नमुने बदलले, शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहिला : माझ्या शेताची सध्या स्थिती काय, आणि मी आता काय करू?

या प्रश्नाला कागदाने सरळ उत्तर दिले नाही, तर काय होते ते आमच्या घराने पाहिले आहे. आजोबा १९७८ साली वारले. वारसांच्या नोंदीत आबांचे नाव आले, आत्याचे आले नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिचाही हक्क होता. नोटीस चावडीवर लागली असेलही; पण आत्या दुसऱ्या तालुक्यात सासरी आणि तिला अक्षरओळख नाही. पंधरा दिवस निघून गेले. पुढे कधीतरी तिने उतारा पाहायला मागितला. मी वाचून दाखवला. तिने एवढेच विचारले, "माझं नाव कंसात तरी आहे का रे?" कंसातही नव्हते. आबा खाली पाहत होते. विचारायचे त्यांनीही टाळले होते.

आता यंत्राकडे वळू. संगणकाचा कार्यक्रम म्हणजे अनेकांच्या हातचा मजकूर. कोणी काय बदलले, का बदलले, हे राहिले नाही तर सारा घोळ. १९७२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 'एससीसीएस' नावाचे साधन रचले. त्यात काढून टाकलेली ओळही खुणेसह फाइलीत राहते, सातबारावर कंसातले नाव राहावे तशी. पण बोलण्यात हे साधन भलतेच तुसडे. चूक झाली की त्रोटक संदेशाच्या शेवटी 'जीई ५' असा काही संकेत येई; खुलासा हवा, तर तो संकेत देऊन पुन्हा मदत मागावी लागे. पुढे 'सीव्हीएस' आले. ते प्रत्येक फाइलीपुढे एकच अक्षर टाकी : एम म्हणजे बदलले, सी म्हणजे दोघांच्या बदलांची टक्कर झाली. जाणत्याला खूण पुरे, नवख्याला कोडे.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी 'गिट' सुरू केले. त्यातही पेन्सिल आणि शाई आहे! आधी बदल करायचे, मग नोंदीसाठी मांडायचे, मग पक्की नोंद. 'स्टेटस' अशी आज्ञा दिली की कोणता मजकूर कोणत्या पायरीवर आहे ते कळते. आरंभीचे त्याचे एक वाक्य होते, 'बदलले, पण अद्ययावत नाही'. वाचणारा बुचकळ्यात पडे. पुढे तेच वाक्य 'बदल आहेत, पण नोंदीसाठी मांडलेले नाहीत' अशा अर्थाचे झाले. खाली सूचनाही येतात : मांडायचे असेल तर अमुक लिहा, बदल टाकून द्यायचे असतील तर तमुक. जाणत्यांना या सूचना बंदही करता येतात.

एक खोड मात्र बरीच वर्षे राहिली. एका शाखेवरून दुसरीवर जाण्यासाठी आणि हातातला बदल टाकून देण्यासाठी शब्द एकच, 'चेकआउट'. चुकून दिवसभराचे काम जाण्याची भीती! ऑगस्ट २०१९ मध्ये दोन कामांना 'स्विच' आणि 'रिस्टोअर' असे दोन वेगळे शब्द मिळाले आणि स्टेटसखालची सूचनाही बदलली.

योगायोग असा, की पुढल्याच वर्षी, २०२० साली, सातबाराचा नमुना सुधारला. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक एका ठिकाणी आला. कंसांऐवजी जुन्या नोंदीवर आडवी रेघ आली. बिनशेतीच्या जमिनीला पिकांचा नमुना बारा का नाही, याचाही खुलासा उताऱ्यावरच छापला जाऊ लागला. आणि आली ती आबांची ओळ.

चांगल्या संदेशाने काय करावे, ते या दोन्ही कथांत दिसते. आज काय आहे ते सांगावे, अडले का ते सांगावे, पुढची पायरी दाखवावी आणि परतीची वाट झाकू नये. इतिहास जपणे हे अर्धे काम. तो ज्याचा आहे त्याला कळेल असा सांगणे हे उरलेले अर्धे. सातबाराची नवी ओळ स्थिती सांगते. हरकत कुठे द्यावी, हेही तिच्याशेजारी असते तर आत्यासारख्यांचे बळ वाढले असते.

असो. त्या भाऊबीजेला आत्या आली, तिने आबांना ओवाळले. आबांनी तबकात पैशांबरोबर तो उतारा ठेवला. काही महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच अर्ज दिला होता. नोटीस निघाली, पंधरा दिवस गेले, नोंद प्रमाणित झाली. आत्याने कागद पुतण्यापुढे धरला. त्याने तिचे नाव वाचले, मग ती ओळही वाचली.

"म्हणजे आता काही राहिलं नाही ना?" तिने विचारले.

"काही नाही, आजी. सगळे शाईत आहे."