एका पानाला चार फेऱ्या

2007 सालचं नवरात्र तोंडावर आलंय. नगरच्या केडगावात रेणुकामातेच्या यात्रेची लगबग आहे, आणि तुम्ही पुणे रस्त्यालगतच्या एका डीटीपीच्या गाळ्यात स्टुलावर ताटकळत बसलाय. लाईट गेलीय. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू आहे, श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये मजकूर जुळून तयार आहे.

"मग तेवढी प्रिंट काढा की."

मालक मान हलवतात. "साहेब, लेझर यूपीएसवर नाही लावायची. आतला रोलर तापायला लागला की यूपीएसच बसतो."

तुमचं छोटं वर्कशॉप नागापूर एमआयडीसीत. उद्या पुण्याच्या पार्टीपुढे रंगीत कॅटलॉग ठेवायचाय, आणि प्रती हव्यात जेमतेम पाच. ऑफसेटला गेलात तर चार रंगांच्या चार प्लेटा आल्या. पाच प्रती काढा नाहीतर हजार, तो खर्च चुकत नाही. इंकजेट स्वस्त, पण घामेजलेला अंगठा लागला की शाई फरफटते.

लाईट येते. कोपऱ्यातली सॅमसंगची कलर लेझर, सीएलपी-300, घरघरते, तापते, मग कामाला लागते. आत ड्रम एकच. लेझर त्यावर एका रंगापुरतं चित्र उमटवतो, त्या रंगाची भुकटी चिकटते आणि पट्ट्यावर उतरते. मग दुसरा रंग, तिसरा, चौथा. चारही एकावर एक बसले की कागद एकदाच आत जातो आणि तापलेल्या रोलरखाली भुकटी वितळून त्यात मुरते. काळी पानं मिनिटाला सोळा निघतात, रंगीत फक्त चार.

पान हातात येतं ते कोमट. तुम्ही बोट जिभेला लावून लोगोवर घासता. मालक हसतात, इथं येणारा प्रत्येक जण हेच करतो. रंग हलत नाही.

1994 मध्ये एचपीची पहिली कलर लेझरजेट आली तेव्हा किंमत होती 7,295 डॉलर, त्या वेळच्या दराने सव्वादोन लाखांच्या वर. रंगीत पानं मिनिटाला दोन. 2005 मध्ये त्याच कंपनीचं 2600एन अमेरिकेत 399 डॉलरला मिळू लागलं. वेगाचं कौतुक कंपन्यांनी करावं. माझ्या मते केडगावच्या गाळ्यापर्यंत कलर लेझर आणली ती या घसरलेल्या किमतीनं. पाच प्रतींचं गिऱ्हाईक ऑफसेटवाल्याला कधी परवडलंच नव्हतं.

दुसरं पान निघेपर्यंत तुमच्यातला धंदेवाईक जागा होतो. "लोगो तेवढा रंगीत ठेवू, बाकी सगळं काळं. म्हणजे स्वस्तात पडेल ना?"

"लोगो नखाएवढा असला तरी मशीन चार फेऱ्या मारणारच," मालक स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतात. "दर कलरचाच लागेल."