टॉपची प्रोग्रामिंग लँग्वेज शिकली की नोकरी पक्की?

'जगातली नंबर वन लँग्वेज शिका' ही कोर्सची जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. पण हा नंबर ठरवतं कोण?

2025 मध्ये 'टायोबी' इंडेक्समध्ये पायथॉन पहिली होती, स्टॅक ओव्हरफ्लोच्या सर्वेक्षणात जावास्क्रिप्ट, तर गिटहबवर ऑगस्टमध्ये टाइपस्क्रिप्टने पहिला क्रमांक मिळवला. वर्ष एकच, विजेते तीन! कारण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. एखाद्या लँग्वेजचं नाव सर्च इंजिनवर टाकलं की किती निकाल येतात, हे टायोबी पाहतं. स्टॅक ओव्हरफ्लो डेव्हलपरनाच विचारतं, 'तुम्ही काय वापरता?' गिटहब आपल्याकडे कोड टाकणारे लोक मोजतं. यापैकी एकाही क्रमवारीत रिकाम्या जागांचा हिशेब नाही.

लोकप्रिय लँग्वेजच्या जाहिराती जास्त असतात, हे खरंच. मात्र ती शिकलेले उमेदवारही तितकेच जास्त असतात, विशेषतः फ्रेशर. उलट उदाहरण कोबॉलचं. 1959 मध्ये जन्मलेली ही लँग्वेज आज फारसं कुणी हौसेने शिकत नाही, तरी अनेक बँका आणि सरकारी खात्यांचे व्यवहार तिच्यावरच चालतात. एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं. त्याआधी वायटूकेच्या काळात याच जुन्या कोडच्या दुरुस्तीने भारतीय आयटी कंपन्यांना भरपूर काम दिलं होतं. अर्थात, म्हणून फ्रेशरने लगेच कोबॉलच्या मागे धावावं असं नाही. तिथे बहुतेकदा अनुभवी माणूसच हवा असतो.

क्रमांक घसरायलाही वेळ लागत नाही. आयफोनच्या ॲप्समुळे ऑब्जेक्टिव्ह-सी 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षं टायोबीची 'लँग्वेज ऑफ द इयर' होती. 2014 मध्ये ॲपलने स्विफ्ट आणली आणि ती मागे पडत गेली. पण ज्यांना आयफोनचं ॲप कसं बांधतात हे नीट कळत होतं, त्यांना नवी लँग्वेज उचलणं तुलनेने सोपं होतं. फक्त सिंटॅक्स पाठ असणाऱ्याला अशा वेळी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

कॅम्पस इंटरव्ह्यूचं गणित तर आणखी वेगळं. मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्या फ्रेशरची ॲप्टिट्यूड आणि कोडिंग टेस्ट घेतात. कोडिंगसाठी सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन यांपैकी कोणतीही लँग्वेज सहसा चालते. पुढे काही महिने ट्रेनिंग होतं आणि प्रोजेक्ट मिळेल तशी लँग्वेज वाट्याला येते. पायथॉन शिकून गेलेला मुलगा जावाच्या प्रोजेक्टवर बसणं यात नवल काहीच नाही.

निवड करायचीच असेल, तर जॉब पोर्टलवर आपल्या शहरातल्या वीस-पंचवीस जाहिराती वाचाव्यात. किती वर्षांचा अनुभव मागितलाय, हे आधी पाहावं. मग लँग्वेजच्या शेजारी काय लिहिलंय ते: जावासोबत स्प्रिंग बूट, पायथॉनसोबत जँगो, आणि जवळपास सगळीकडे एसक्यूएल.