तुकोबांचा पूल

माझं आजोळ नगरचं (आता अहिल्यानगर). आजीच्या तोंडी तुकाराम जितका, तितकेच रेव्हरंड टिळक. लहानपणी एकदा मी विचारलं, "आजी, टिळक ख्रिस्ती झाले, मग त्यांचा तुकाराम सुटला का गं?" आजी म्हणाली, "तुकाराम काय कुणाची जहागीर आहे?"

परवा क्वेकरांविषयी वाचताना हे आठवलं. हा मूळचा इंग्लंडमधला ख्रिस्ती पंथ. तुकोबा देहूला अभंग रचत होते, त्याच १६४०च्या दशकात तिकडे जॉर्ज फॉक्स सांगू लागला की देवाचा उजेड प्रत्येकाच्या आतच आहे, मध्ये पुरोहित कशाला? क्वेकर पाण्याने बाप्तिस्मा देत नाहीत. त्यांची जुनी रीत म्हणजे एकत्र येऊन शांत बसायचं. आतून स्फुरलं तर बोलायचं.

भारतात त्यांचं मोठं केंद्र होतं नर्मदेकाठी, होशंगाबादला. नगरला १८३१ पासून काम होतं ते अमेरिकन मराठी मिशनचं. नारायण वामन टिळक त्याच मिशनचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. इतकी किंमत मोजूनही टिळक सांगत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा! टिळक काही क्वेकर नव्हते. पण ज्या विधीपायी स्वतःचा संसार विस्कटला, तोच विधी त्यांनी दारावरची अट म्हणून ठेवला नाही. फॉक्सला हे पटलं असतं असं मला वाटतं. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले.

आणि गंमत बघा, याच पुलावर पलीकडून एक खराखुरा क्वेकर आला. जॉन हॉयलंड. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवणारा. त्याने तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. 'अ‍ॅन इंडियन पेझंट मिस्टिक' हे त्याचं पुस्तक १९३२ चं. तुकाराम वाचायला त्याला आपला पंथ सोडावा लागला नाही.

आजीने हॉयलंडचं नावही ऐकलं नसणार. पण तो दारात आला असता, तर तिने आधी चहा टाकला असता आणि मग म्हणाली असती, "म्हण बघू एखादा अभंग."