बुरशीचे त्रास तीन प्रकारचे; घरातली ओल, कूलर अन् भिजलेला मका सांभाळा

पांढुर्णा/सौंसर : पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येतो, कोठीतला मका काळा-हिरवा पडतो. हिंदीत ‘फफूंद’ म्हणतात ती हीच बुरशी. २०२१ मध्ये कोरोनानंतर आलेल्या ‘काळ्या बुरशी’ची धास्ती अजून आहे. पण बुरशीचे त्रास तीन वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

१. ॲलर्जी
बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण हवेत बाराही महिने असतात. सोयाबीनची मळणी, ओला कडबा, जुनं पोतं झटकणं, यातून ते श्वासात जातात. उन्हाळ्यात कूलर न धुता तसाच सुरू केला, तर जाळीतली बुरशीही खोलीभर पसरते. सगळ्यांना त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांना शिंका येतात, नाक वाहतं, डोळे खाजतात. दमा असेल तर तो वाढतो.

काही दमेकऱ्यांच्या फुप्फुसात ‘ॲस्परजिलस’ बुरशीची तीव्र ॲलर्जी होते. खोकल्यातून तपकिरी, चिवट गाठी पडतात. एक्स-रेवरचे डाग पाहून ती टीबी समजली जाण्याची शक्यता असते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी कराच. टीबी निघाला नाही अन् दमा आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांना ‘आयजीई’ या रक्ततपासणीबद्दल विचारा.

२. संसर्ग
काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. धोका मुख्यतः शुगर फार वाढलेल्यांना आणि स्टेरॉइड जास्त घेतलेल्यांना. चेहऱ्याची एक बाजू सुजणं, नाकातून काळा स्राव, एकाचे दोन दिसणं, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

३. विष
मका आणि भुईमुगावर वाढणारी एक बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचं विष तयार करते. ते यकृतावर घाव घालतं. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन १०६ जण दगावले होते. हे विष भाकरी भाजून किंवा दाणे उकळून जात नाही. “माणसाला नाही तर ढोराला” हा हिशेबही चुकीचा आहे, कारण गाईने खाल्लेलं विष दुधात उतरतं.

काय करावं?
• मका, शेंगा कडक वाळवूनच भरा. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा.
• बुरशी आलेले दाणे खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.
• छताची गळती आधी बंद करा. नुसता रंग मारून ओल जात नाही.
• कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून सुकवा. हंगामाआधी जाळी बदला.
• मळणी करताना अन् पोती झटकताना तोंडाला एन-९५ मास्क लावा. साध्या गमछ्यातून बीजाणू आत जातात.
• दम्याचा पंप त्रास कमी वाटला म्हणून मनाने बंद करू नका.