शिकणाऱ्याचं ताट कुणी वाढलं?

चुली पेटल्या असतील, कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी शेतातून आत्ताच आली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

परवा रात्री आठ वाजता माझ्या धाकट्या लेकीचा फोन आला. ती जिल्ह्याच्या गावी कॉलेजला आहे, चौघीजणींनी मिळून खोली घेतली आहे. मला वाटलं पैसे संपले. तर म्हणते, "आई, पिठल्याला पाणी किती घालायचं?" मी म्हटलं, "वाटीभर बेसनाला तीन वाट्या. पण आधी फोडणीत लसूण चांगला लाल होऊ दे." फोन ठेवला आणि मनात आलं, आपल्या घराण्यात कॉलेजात शिकणाऱ्या पोरीने पिठल्याचं माप विचारायची ही पहिलीच वेळ. आजवर शिकणारे वेगळे आणि रांधणाऱ्या वेगळ्या.

शाळा कुणी काढली, कॉलेज कुणी काढलं, हे पुस्तकात सापडतं. पण शिकणारं पोर रोज दोन वेळा जेवलं कसं? त्याच्यासाठी चूल कुणी पेटवली? आज तोच इतिहास सांगते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातला मुलगा शिकायला पुण्या-मुंबईला गेला, तर राहायला कुणाच्या तरी वाड्यातला कोपरा मिळायचा. जेवणाच्या दोन रीती होत्या. एक माधुकरी. झोळी घेऊन चार घरी जायचं, मिळेल ते भात-पोळी-आमटी एकत्र करून खायचं. दुसरी, वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात दिवसांची सात घरं. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी उपास. या रीतीने कितीतरी गरीब मुलं शिकली. पण ती बहुतेक ब्राह्मणांचीच होती, कारण वार लावणारी घरंही त्यांचीच होती. कुणबी, माळी, महार, मांग, धनगर यांच्या पोराला कोण वार देणार? आणि मुलगी झोळी घेऊन चार घरी फिरून शिकते, असं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. त्या वाराच्या घरी पानात वाढणारी बाई बहुतेक वेळा स्वतः निरक्षर असायची आणि सगळ्यांच्या मागून जेवायची.

अशा काळात एक मुलगी सातासमुद्रापार कॉलेजात गेली. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला बाईकडून उपचार मिळाले पाहिजेत, हे तिच्या मनाने घेतलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली, तेव्हा वय होतं अठरा. जूनमध्ये अमेरिकेत पोहोचली. तिथे कार्पेंटरबाईंनी तिला घरात ठेवून घेतलं, लेकीसारखी माया लावली. मग ती फिलाडेल्फियाच्या, खास बायकांसाठी असलेल्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली.

मैत्रिणींनो, त्या पोरीचं रोजचं जेवण डोळ्यांसमोर आणा. तिने मांसाहार घेतला नाही, लुगडं सोडलं नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, अभ्यास डोंगराएवढा. आपल्याकडची भाजी नाही, भाकरी नाही, हाताशी सासू-नणंद नाही. तरीही कॉलेजात ती एकटी कुढत बसली नाही. १८८५ सालच्या ऑक्टोबरमधला तिथला एक फोटो आजही आहे. त्यात आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची ताबात इस्लामबुली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी शेजारी बसल्या आहेत. तीन देश, तीन भाषा, तीन धर्म. पोरी घराबाहेर पडून कॉलेजात एकत्र आल्या की काय घडतं, ते त्या फोटोत दिसतं.

१८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग तिच्या हाती द्यायचं ठरलं होतं. पण क्षयाने तिला गाठलं होतं. थंडी, अभ्यासाचा ताण आणि अंगाला न मानवणारा आहार, सगळ्यांनी मिळून तिची तब्येत पोखरली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती पुण्यात गेली. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पुस्तकं मिळाली, पदवी मिळाली, पण शरीर टिकलं नाही. म्हणून मी म्हणते, शिकणाऱ्या पोरीचं ताट ही किरकोळ गोष्ट समजू नका.

पुढे १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो नंतर हिंगण्याला गेला. तिथल्या पार्वतीबाई आठवले तुम्हाला माहीत असाव्यात. त्या स्वतः विधवा, कर्व्यांच्या मेहुणी. मोठेपणी अक्षरं शिकल्या, आश्रमाचा संसार सांभाळला, गावोगाव फिरून वर्गणी जमवली. आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले. जे काम आपण हलकं समजतो, त्याच कामावर त्या बाईने आपलं शिक्षण उभं केलं.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी ओळखलं होतं की फी माफ करून भागत नाही, पोराला राहायला जागा आणि जेवायला ताट पाहिजे. आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण तिथे बहुजनांची मुलं टिकेनात. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान अशी वेगवेगळी बोर्डिंगं निघत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. वार न मिळणाऱ्यांना हक्काचं पान मिळालं. पण ताटं अजून वेगवेगळीच होती.

ती ताटं एका पंगतीत आणली आपल्या साताऱ्याने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधी आले आणि त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पैसा नव्हता म्हणून गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं. बायका दळायला बसताना एक मूठ बाजूला ठेवायच्या. आपल्या बचत गटाची पेटी नंतर आली, ती मूठ आधीची आहे.

पण भाऊरावांच्या मागे लक्ष्मीबाई होत्या. जुन्या वळणाच्या जैन घरातल्या, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या. सगळ्या जातींची पोरं आपल्या घरात आणि चुलीपाशी, हे त्यांना पहिल्याच दिवशी सोपं गेलं नसणार. पण पोरांच्या तोंडाकडे बघून त्यांनी सोवळं सोडलं. कुणाला नाहायला घातलं, कुणाचं आजारपण काढलं. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगाच्या खर्चात गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना घरात धान्याचा दाणा उरला नाही आणि पोरं उपाशी राहायची वेळ आली. तेव्हा या बाईने गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि पोरांचं पोट भरलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढणं म्हणजे काय, हे त्या काळच्या बाईला विचारा. १९३० मध्ये त्या गेल्या. साताऱ्याच्या कॉलेजात पुढे पोरं 'कमवा आणि शिका' म्हणत शिकली, त्याच्या पायात लक्ष्मीबाईंचं सोनं आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. हीसुद्धा इतिहासच आहे, फक्त कुणी लिहिली नाही.

१९८९ साली माझा थोरला भाऊ तालुक्याला कॉलेजात होता. गावात मुक्कामी एसटी यायची आणि सकाळी सहाला सुटायची. त्या गाडीने त्याचा डबा जायचा. फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा, फडक्याला नावाची चिठ्ठी टाचलेली. कंडक्टरच्या हातात द्यायचा, तो स्टँडवर उतरवायचा. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. तसे पाच-सात डबे तरी रोज असायचे. कंडक्टरने त्याचे कधी पैसे घेतले नाहीत. त्या एसटीने किती पोरं शिकवली, याची कुठे नोंद नाही.

डब्याचंही एक शास्त्र होतं. सकाळी केलेलं रात्रीपर्यंत टिकलं पाहिजे. म्हणून पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशम्या, त्या मऊ राहतात. बाजरीची भाकरी पातळ थापून कडक करायची. रस्सा नको, तो सांडतो आणि आंबतो. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, खरडा, कोरडा झुणका. शनिवारी भाजणीचं पीठ बांधून द्यायचं, म्हणजे पोरं खोलीवर थालीपीठ लावतील. ही मापं आईकडे आजीकडून आलेली, चिमटीत आणि ओंजळीत मोजलेली.

आणि तो डबा कोण करायचं? पहाटे चारला उठून मी. माझी सातवी झाली होती. पुढची शाळा सहा किलोमीटरवर. शिक्षक घरी येऊन गेले, म्हणाले, पोरगी हुशार आहे. घरात ठरलं, दोघांचं झेपायचं नाही, आणि दादाचा डबा कोण करणार? कुणी मला मारलं नाही, रागावलं नाही. मी नुसती चुलीपुढे बसले आणि बसूनच राहिले. दादा शिकला, नोकरीला लागला, त्याने आम्हाला आधारही दिला. त्याच्यावर राग नाही. पण त्या डब्यात रोज माझी शाळा बांधून जात होती, हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली.

तुमच्यातल्या किती जणींनी असे डबे केले? हात वर करा म्हटलं तर रेडिओवर मला दिसणार नाहीत, पण मला माहीत आहे, पुष्कळ हात वर जातील.

म्हणून लेक खोलीवर गेली तेव्हा मी ठरवलं, हिची मापं चिमटीत ठेवायची नाहीत. शंभर पानी वहीत लिहून दिली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं, तेव्हा वाटी-चमच्याच्या मापामुळे शहरातल्या मुलींना एकटीने स्वयंपाक जमायला लागला. तसंच आपलंही असू दे म्हटलं.

त्या खोलीत चौघी आहेत. एक खानदेशातली, तिच्याकडून कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. एक कोकणातली, तिची कुळथाची पिठी. एक नागपूरकडची, तिचा वडाभात. आणि माझीची शेंगदाण्याची चटणी. रविवारी एकेकीची पाळी. आधी भांडणं झाली, भांडी कोण घासणार यावरून. मग भिंतीवर पाळीचा कागद लागला. परीक्षेच्या दिवसांत मुगाच्या खिचडीवर चौघी भागवतात. गॅदरिंगला खानदेशातल्या पोरीने सगळ्या वर्गाला भरीत खाऊ घातलं, तर पुढच्या आठवड्यात कॉलेजची पोरं विचारत होती, परत कधी? माझ्या लेकीने सांगितलं, "वांगी आणा, भाजायला बसा, मग सांगते." पोरं बसली, वांगीही भाजली. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

एक लाजिरवाणी गोष्टही सांगते. पहिल्या आठवड्यात मी फोनवर लेकीला हळूच विचारलं होतं, "त्या बाकीच्या पोरी कुणातल्या गं?" ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तिची पिठी मी खाल्ली, माझी चटणी तिने खाल्ली. आता विचारून काय करू?" लक्ष्मीबाईंनी नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जे सोडलं, ते मी अजून पदराला बांधून होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, आता कामाचं बोलू. आपल्या गावातली कुणी पोर बारावीनंतर घरी बसली असेल, तर कारण विचारा. नुसत्या फीचं कारण असेल असं नाही. पुष्कळदा राहणं आणि जेवण हेच असतं. समाजकल्याणच्या वसतिगृहांची, स्वाधार योजनेची, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची चौकशी कॉलेजच्या कार्यालयात करता येते. कोणती योजना कुणाला लागू, ते तिथेच नीट विचारून घ्या आणि प्रवेशाच्या वेळीच विचारा, मागून नव्हे. तालुक्याला आपल्या गटाची खानावळ चालवता येईल का, हाही विचार करा. मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचंच होतं.

आणि पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यांत वयस्क आजीला विचारा, तुम्ही कुणाचे डबे केले? काय घालत होता? एखाद्या शिकणाऱ्या पोरीला ते वहीत उतरवू द्या. आणि पाककृतीच्या खाली त्या आजीचं नाव लिहायला विसरू नका.

माझी वेळ संपली. फोन वाजतोय, बहुतेक थालीपीठ तव्याला चिकटलेलं दिसतंय. नमस्कार.